पाणी तापलं की विषारी शैवालं फोफावतात, एवढं सरळ आहे का?

सागरगोटा

समुद्रात उष्णतेची लाट आल्याची बातमी असली की तिच्या शेपटाला एक वाक्य हमखास असतं : तापमान वाढल्यामुळे विषारी शैवालं वाढत आहेत. वाक्य खोटं नाही, पण वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की हाताला काही लागत नाही. पाणी दोन अंशांनी तापलं तर शैवालाच्या पेशीत नक्की काय बदलतं? प्रकाशसंश्लेषण वाढतं, मंदावतं की तसंच राहतं? उत्तर "अवलंबून आहे" असं येतं, आणि कशावर अवलंबून आहे तोच खरा रंजक भाग. म्हणून हा धागा काढतोय.

आधी मंडळी कोण ते सांगतो. विषारी शैवाल ही काही एक जात नाही. अलेक्झांड्रियम, करेनिया, डायनोफायसिस हे डायनोफ्लॅजेलेट. दोन शेपट्या हलवत पोहणारे एकपेशीय जीव. स्यूडो-निट्झिया हा डायटम, त्याला सिलिकाचं कवच. शॅटोनेला आणि हेटेरोसिग्मा तिसऱ्याच घराण्यातले, रॅफिडोफाइट. काही शिंपल्यांमार्फत माणसाला विषबाधा करतात, काही थेट माशांचे कल्ले खराब करतात. या सगळ्यांना एकाच तराजूत घालणं हीच बातमीतली पहिली गफलत.

प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे शाळेत होऊन जातात, पण तापमानाशी त्या दोघांचं नातं किती वेगळं आहे ते तिथे राहून जातं. हरितद्रव्याने प्रकाश टिपणं आणि ती ऊर्जा प्रकाशप्रणालीच्या (म्हणजे ती ऊर्जा कामाला लावणाऱ्या प्रथिनांच्या यंत्रणेच्या) केंद्रापर्यंत पोचवणं हे भौतिकशास्त्राचं काम. २५ अंशांना ते ज्या झपाट्याने होतं, जवळपास त्याच झपाट्याने ५ अंशांनाही होतं. पुढचं काम, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवणं, एन्झाइमांचं. आणि एन्झाइम म्हटलं की तापमान आलंच.

हे आलेखावर छान दिसतं. आडव्या अक्षावर प्रकाश, उभ्या अक्षावर प्रकाशसंश्लेषणाचा वेग. रेघ आधी सरळ चढते, मग सपाट होते. सुरुवातीचा चढ प्रकाश किती मिळतो यावर ठरतो, तो तापमानाला फारशी दाद देत नाही. सपाटीची उंची एन्झाइमांवर ठरते, ती दाद देते. म्हणजे भरपूर उजेडात पाणी थोडं तापलं तर पेशीचा फायदा. अंधूक उजेडात तेच पाणी तेवढंच तापलं तर संश्लेषण जिथल्या तिथे, श्वसन मात्र वाढलेलं, म्हणजे निव्वळ कमाईत तूट. तोच जीव, तेच दोन अंश, आणि वरच्या थरात नफा तर खालच्या थरात तोटा.

थंडीची गोष्ट आणखी मजेशीर. थंड पाण्यात लख्ख ऊन पडलं तर प्रकाश टिपणं नेहमीच्या जोमाने चालू राहतं आणि एन्झाइमं रेंगाळतात. नळ पूर्ण सोडलेला आणि मोरी तुंबलेली. ही जास्तीची ऊर्जा कुठेतरी जायला हवी. नाहीतर तिच्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रकाशप्रणाली-२ मधलं डी-१ नावाचं प्रथिन मोडतं. ते एरवीही मोडतच असतं आणि पेशी ते सतत दुरुस्त करत असते, पण थंडीत दुरुस्तीही मंद. म्हणून पेशी दोन उपाय करते. डायनोफ्लॅजेलेट आणि डायटम दोघांकडेही डायडिनोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचं डायटोझँथिन केलं की जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकता येते. हा मिनिटांत होणारा उपाय. दुसरा दिवसांच्या हिशेबाचा : हरितद्रव्यच कमी बाळगायचं. क्लोरेला या गोड्या पाण्यातल्या शैवालावर १९९० च्या दशकात झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ५ अंश तापमान आणि १५० एकक प्रकाशात वाढवलेल्या पेशी, २७ अंश आणि २२०० एकक प्रकाशात वाढवलेल्या पेशींसारख्याच दिसायला लागल्या. (एकक म्हणजे चौरस मीटरवर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये.) पेशीला थंडी आणि प्रखर ऊन यांत फरक कळत नाही, तिला फक्त आवक-जावकीतली तफावत कळते.

आता उष्णतेकडे. रुबिस्को हे कार्बन पकडणारं एन्झाइम मुळात धांदरट आहे, कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडतं. तापमान वाढलं की ही चूक वाढते. शिवाय पाणी तापलं की दोन्ही वायू कमी विरघळतात, पण कार्बन डायऑक्साइडची घट जास्त. आणखी वर गेलं की हरितलवकातली पटलं पातळ होतात, आणि पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन सोडणारा मँगॅनीजचा पुंजका सुटायला लागतो. हे ढासळणं हळूहळू होत नाही. तापमान आणि वाढीचा वेग यांचा आलेख डावीकडून सावकाश चढतो आणि शिखर ओलांडल्यावर कड्यासारखा कोसळतो. शिखराच्या ५ अंश अलीकडे असणं आणि ५ अंश पलीकडे असणं यांत जगण्या-मरण्याचा फरक पडू शकतो.

माझं म्हणणं इतकंच : तापमान हा एकटा खेळाडू म्हणून मोजू नका, प्रकाशाच्या जोडीने मोजा. जाणकारांनी भर घालावी.

वाचनवेडी

लेख आवडला. शाळेत हे असं शिकवलं असतं तर! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासूर

सागरगोटा, पेशीचं पटलं. पण समुद्रात जे दिसतं त्याचं काय? २०१५ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत गरम पाण्याचा तो प्रचंड डबका होता आणि त्याच वर्षी स्यूडो-निट्झियाचा मोठा बहर आला. कॅलिफोर्नियातला खेकडे पकडण्याचा हंगाम लांबणीवर पडला. गरम पाणी, म्हणून शैवाल. यात कुठे प्रकाश आला?

भरतीओहोटी

@शंकासूर, २०१५ चं उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्या बाजूने जेवढं वाटतं तेवढं नाही. मध्य कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत बहर होता हे खरं. गरम पाण्यामुळे स्यूडो-निट्झिया ऑस्ट्रालिस ही जात नेहमीपेक्षा बरीच उत्तरेला टिकाव धरू शकली, हेही खरं. पण नुसत्या गरम पाण्यात तिला खायला काय होतं? गरम पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं आणि खालची नायट्रेट-सिलिकेटची शिदोरी वर येऊ देत नाही. त्या वसंतात किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर आलं आणि मग स्फोट झाला. गरम पाण्याने पाहुणा आणला आणि थंड पाण्याने त्याला पोसलं. दोन्हींपैकी एक जरी नसतं तर बातमीच नसती.

आणि उलटं उदाहरण द्यायचं तर १९८७, कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड बेट. डोमोइक आम्लाची विषबाधा जगाला पहिल्यांदा नीट कळली ती तिथे. शिंपले खाऊन १०० हून जास्त लोक आजारी पडले, किमान ३ दगावले, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. कारण स्यूडो-निट्झियाच. महिना कोणता? नोव्हेंबर-डिसेंबर. तिथला नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे गार पाणी. डायटमांना थंडीचं वावडं नसतं.

गणिती

थोडे आकडे टाकतो, म्हणजे "दोन अंशांनी काय होतंय" याचा अंदाज येईल. एपली या समुद्रशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये उपलब्ध प्रयोगांचे आकडे एकत्र करून तापमानाप्रमाणे शैवालांच्या वाढीची कमाल मर्यादा काढली. १० अंश वाढले की ती मर्यादा १.८८ पट होते. दोन अंशांसाठी १.८८ चा एक-पंचमांश घात घ्या : १.१३५. म्हणजे साधारण १३ टक्के.

१३ टक्के किरकोळ वाटतात. पण रोज एकदा दुप्पट होणारी पेशी घ्या. १० दिवसांत १० दुपटी होण्याऐवजी ११.३५ होतील. १.३५ दुपटी जास्त म्हणजे शेवटी अडीचपट पेशी. आणि हे फक्त १० दिवसांत.

अर्थात एपलींची रेघ ही वरची कड आहे. कोणतीही एक जात त्या रेघेवरून चालत नाही. प्रत्येक जातीचा स्वतःचा कडा त्या रेघेखाली कुठेतरी असतो. बरेच लेखक ही रेघ एकाच जातीला लावून मोकळे होतात, ते चूक.

शंकासूर

अडीचपट! मग मी म्हणत होतो ते बरोबरच की.

गणिती

प्रकाश भरपूर, खाद्य भरपूर, खाणारं कोणी नाही आणि जात शिखराच्या डावीकडे, एवढ्या चार अटी पाळल्या तर बरोबर. :)

काचनळी

प्रयोगशाळेत हेच करते, म्हणून लिहायला बसले.

मोजायची पद्धत आधी सांगते, कारण "प्रकाशसंश्लेषण वाढलं" असं कोणी म्हटलं की कोणत्या मोजमापाने, हे विचारायला हवं. जुनी आणि अजूनही खणखणीत पद्धत कार्बन-१४ ची. स्टीमन नील्सन यांनी ती १९५२ मध्ये मांडली. किरणोत्सारी कार्बन पाण्यात घालायचा आणि पेशींनी किती उचलला ते मोजायचं. दुसरी, ऑक्सिजन किती सुटला. तिसरी, आम्ही रोज वापरतो ती, हरितद्रव्याच्या चमकेची, म्हणजे टिपलेल्या प्रकाशातला जो थोडा ते परत बाहेर टाकतं त्याची. पेशी २० मिनिटं अंधारात ठेवायच्या, मग अगदी क्षीण प्रकाशात चमक मोजायची, मग प्रखर झोत टाकून पुन्हा मोजायची. दोन्हींवरून एक गुणोत्तर निघतं. जमिनीवरच्या धडधाकट पानाला ते ०.८३ च्या आसपास येतं. शैवालांना ०.६ ते ०.७ आलं तरी आम्ही खूश. ०.३ आलं तर प्रकाशप्रणाली-२ ला मार बसलाय.

तापमानासाठी ॲल्युमिनियमची एक लांब ठोकळी असते. एका टोकातून गरम पाणी फिरतं, दुसऱ्या टोकातून थंड. ठोकळीत भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकात एक नळी, खालून दिवा. एकाच वेळी १० अंशांपासून ३२ अंशांपर्यंतच्या नळ्या शेजारी शेजारी. दोन-तीन आठवड्यांनी बघायला मजा येते : थंड टोकाच्या नळ्या फिकट पिवळसर, मधल्या गडद तपकिरी, आणि गरम टोकाला एका भोकापर्यंत तपकिरी, पुढच्या भोकात तळाशी पांढुरका गाळ. सागरगोटांनी सांगितलेला कडा तो हाच. थंड टोकाचा फिकटपणा म्हणजे हरितद्रव्य कमी केलेलं, मेलेल्या पेशी नव्हेत. नवखे विद्यार्थी त्या नळ्या ओतून टाकायला निघतात.

एक व्यावहारिक गोष्ट. डायनोफ्लॅजेलेट हलवलेलं खपवून घेत नाहीत. डायटमांसारखी नळी खळखळून मिसळली की वाढ खुंटते, मग आपण तापमानाला दोष देत बसतो.

आता वादाच्या मुद्द्यावर. तापमान बदलल्यावर लगेच मोजलेलं आणि पेशींना रुळू देऊन मोजलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रुळायला काही पिढ्या जातात. त्या काळात पेशी पटलांमधली मेदाम्लं बदलते (थंडीत असंतृप्त जास्त, उन्हाळ्यात संतृप्त), थंडीत एन्झाइमांची संख्याच वाढवते, हरितद्रव्य कमी-जास्त करते. त्यामुळे अचानक ४ अंशांनी गरम केलेली पेशी आणि ४ अंश जास्त तापमानात वाढलेली पेशी हे दोन वेगळे जीव समजावेत.

सागरगोटा

काचनळीताई, ठोकळीचं वर्णन फार आवडलं. श्वसनही सोबत मोजता का? माझ्या समजुतीने खरी मेख तिथे आहे. प्रकाशसंश्लेषणापेक्षा श्वसन तापमानाला जास्त चटकन वाढतं. म्हणजे पाणी तापत गेलं की मिळकतीतला मोठा हिस्सा घरखर्चात जातो.

काचनळी

मोजतो, अंधारात ऑक्सिजन किती घटला त्यावरून. आणि हो, मेख तिथेच आहे. संश्लेषण अजून वाढतच असतं आणि वाढीचा वेग मात्र उतरणीला लागलेला असतो, असं बऱ्याच जातींत दिसतं. म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचं शिखर आणि वाढीचं शिखर एका तापमानाला नसतं. नुसती चमक मोजून "या जातीला २९ अंश मानवतात" म्हणणारे इथे फसतात.

क्लोरेलावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक काम यासाठी मुद्दाम वाचावं. गरम पाण्यात सुमारे १०० पिढ्या ठेवल्यावर पेशींनी काय शिकावं? संश्लेषण वाढवण्यापेक्षा श्वसन आवरतं घ्यायला शिकल्या. गोड्या पाण्यातली शैवालं आहेत, समुद्रातल्यांना जसंच्या तसं लावू नये, पण दिशा कळते. आणि १०० पिढ्या म्हणजे या जीवांसाठी काही महिने.

भरतीओहोटी

रुबिस्कोबद्दल एक भर. बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांकडे जे रुबिस्को आहे ते झाडांकडे किंवा डायटमांकडे आहे तसलं नाही. ते एरवी काही जिवाणूंमध्ये सापडतं आणि कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन यांत फरक करण्यात आणखीच कच्चं. १९९० च्या दशकात हे कळलं तेव्हा मोठा अचंबा झाला होता, कारण ऑक्सिजन असलेल्या पाण्यात या एन्झाइमावर जगायचं कसं? उत्तर असं की हे जीव पेशीत कार्बन ओढून साठवणारी यंत्रणा चालवतात आणि रुबिस्कोभोवती कार्बनची गर्दी करतात. त्याला ऊर्जा लागते. पाणी तापलं की हा खर्चही धरावा लागतो. प्रवाळांमध्ये राहणारे जीव याच घराण्यातले. गरम पाण्यात प्रवाळ पांढरे पडतात त्याचं एक कारण त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाचा उष्णतेत होणारा बिघाड हेच आहे.

पण करेनियाला हे लावू नका. ती डायनोफ्लॅजेलेट असली तरी तिचं हरितलवक हॅप्टोफाइट नावाच्या दुसऱ्याच शैवालाकडून आलेलं, आणि रुबिस्कोही त्याचंच.

त्याहून कमाल डायनोफायसिसची. याच्याकडे स्वतःचं कायमचं हरितलवकच नाही! मेसोडिनियम नावाच्या एका जीवाला नळी खुपसून शोषतो आणि हरितलवकं तेवढी ठेवून घेतो. मेसोडिनियमने ती आणखी तिसऱ्या शैवालाकडून उचललेली असतात. म्हणजे चोरावर मोर. २००६ पर्यंत डायनोफायसिस प्रयोगशाळेत वाढवताच येत नव्हता, कारण त्याला नक्की काय खायला घालायचं ते कळलं नव्हतं. अशा जीवाला तापमानाचा परिणाम विचारायचा तर तिघांनाही विचारावं लागतं.

वाचनवेडी

चोरलेल्या हरितलवकावर जगणारा जीव! हे माहीतच नव्हतं.

अवांतर : रात्री लाटांमध्ये निळा उजेड दिसतो तेही यातलंच का? त्यालाही गरम पाणी लागतं?

भरतीओहोटी

वाचनवेडी, तो उजेड बहुधा नॉक्टिलुकाचा. तोही डायनोफ्लॅजेलेट, पण लाल प्रकारचा नॉक्टिलुका प्रकाशसंश्लेषण करतच नाही, सरळ दुसऱ्यांना खातो. हिरव्या प्रकाराच्या पोटात हजारो इवली हिरवी शैवालं राहतात आणि ती संश्लेषण करतात. उत्तर अरबी समुद्रात या हिरव्याचे मोठे बहर येतात ते हिवाळ्यात, वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं तेव्हा. शंकासूर, नोंद घ्या, पुन्हा हिवाळा.

शंकासूर

घेतली. आता एक सरळ प्रश्न. लोकांना प्रकाशसंश्लेषणाशी देणंघेणं नाही, विषाशी आहे. प्रकाशसंश्लेषण जास्त म्हणजे विष जास्त, हे तरी खरं का?

काचनळी

नाही, आणि अलेक्झांड्रियममध्ये तर अनेकदा उलटं. त्याचं विष सॅक्सिटॉक्सिन, अंगात गेलं की स्नायू लुळे पाडणारं. थंड पाण्यात पेशींची विभागणी मंदावते, विष बनणं तेवढं मंदावत नाही. मग ते पेशीत साचत जातं. गरम टोकाच्या नळीत पेशी जास्त, पण दर पेशीमागे विष कमी. थंड टोकाला पेशी थोड्या, पण एकेक जहाल. शिंपल्यात किती विष साचेल हे दोन्हींच्या गुणाकारावर. म्हणून पाण्यात पेशी किती आहेत एवढंच पाहून शिंपल्यांना हिरवा कंदील देता येत नाही, शिंपल्याचं मांस तपासावंच लागतं.

माशांना मारणाऱ्यांचं गणित वेगळं. शॅटोनेला ऑक्सिजनची घातक रूपं बाहेर सोडतो. त्याला उबदार पाणी मानवतं, उन्हाळ्यातला गडी. १९७२ च्या उन्हाळ्यात जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात, हारिमा-नादा भागात, त्याने पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख यलोटेल मासे मारले. तिथे "गरम म्हणजे वाईट" हे वाक्य बऱ्यापैकी लागू पडतं.

दर्यावर्दी

वाचतोय. गरम म्हणजे वाईट, याला अतिगरमचा अपवाद असतो का? म्हणजे उष्ण कटिबंधातलं पाणी इतकं तापलं की शैवालांनाच सोसेनासं झालं, असं?

भरतीओहोटी

असतं. सिग्वाटेरा नावाची विषबाधा ज्यामुळे होते तो गॅम्बिअरडिस्कस प्रवाळांजवळच्या समुद्री वनस्पतींवर चिकटून राहतो. त्याच्या बऱ्याच जातींना ३१ अंशांच्या पुढे वाढ जड जाते. म्हणजे आधीच तापलेल्या समुद्रात तो काही ठिकाणी मागे हटू शकतो आणि आजवर गार असलेल्या कडेच्या समुद्रात पुढे सरकू शकतो. फ्लोरिडाला छळणारी करेनिया ब्रेव्हिसही २० ते २८ अंशांत खूश असते. तिचे बहर बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात सुरू होतात, ऐन काहिलीत कमी.

थंड टोकाकडे उलटा नफा आहे. अलास्काच्या वायव्येकडच्या चुकची समुद्राच्या तळाशी अलेक्झांड्रियमच्या सुप्त पेशींचे प्रचंड थर सापडले आहेत. वर्षानुवर्षं तळाचं पाणी इतकं थंड की त्या फारशा उगवायच्या नाहीत. आता तळ तापतोय. २०२२ च्या उन्हाळ्यात बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरात मोठा बहर आला. तिथे एकेक अंशाची किंमत जास्त, कारण जात आपल्या शिखरापासून फार लांब डावीकडे आहे आणि पुढे चढच चढ.

१९८२ पासूनचं पृष्ठभागाचं तापमान घेऊन अलेक्झांड्रियम आणि डायनोफायसिससाठी हाच हिशेब उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकसाठी मांडला गेला, २०१७ मध्ये. काही पट्ट्यांत वाढीला अनुकूल हंगाम लांबलाय असं त्यातून निघालं. "सगळीकडे" असं निघालं नाही, हे बातम्यांमध्ये गळून पडतं.

शंकासूर

बरं, मान्य करायला काही हरकत नाही की प्रकरण सरळ नाही. पण मग उष्णतेच्या लाटेत अंदाज वर्तवायचा कसा? मार्च २०२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात करेनियाचा बहर सुरू झाला तेव्हा पाणी नेहमीपेक्षा सुमारे अडीच अंश गरम होतं. सरासरी तापमान घ्यायचं, काचनळींच्या आलेखावर ठेवायचं, आणि सांगायचं, नाही का?

गणिती

सरासरीच तर घ्यायची नाही! आलेख वाकडा असला की सरासरी तापमानाला मिळणारा वेग आणि मिळालेल्या वेगांची सरासरी या दोन गोष्टी वेगळ्या होतात. आलेखाचा डावा भाग वर वळत जाणारा आहे, तिथे तापमान वर-खाली होत राहिलं तर स्थिर तापमानापेक्षा जरा जास्तच वाढ मिळते. शिखराजवळ आलेख खाली वळलेला, तिथे तेच चढउतार मार देतात. शिखर २६ ला असेल तर सतत २६ आणि "दिवसा ३०, रात्री २२" यांची सरासरी एकच. पण दुसऱ्या पेशीचे दिवसा हाल.

सागरगोटा

आणि डायनोफ्लॅजेलेट एका जागी थांबतही नाहीत. दिवसा वर प्रकाशात, रात्री खाली पोषक पाण्यात. तासाला साधारण १ मीटर जातात. वरचा थर गरम आणि खालचा गार असेल तर पेशी उजेडातले तास गरम पाण्यात काढते, म्हणजे एन्झाइमं जोरात असताना प्रकाशही हाताशी. आणि अंधारातले तास गार पाण्यात, म्हणजे नुसतं श्वसन चालू असताना त्याचा खर्च कमी. थर पडलेल्या समुद्रात डायटम तळाला जातात आणि हे टिकतात, याची कारणं सांगताना पोषणाची बाजू नेहमी सांगितली जाते. तापमानाची ही बाजू कोणी मोजते का, ताई?

काचनळी

मोजायला अवघड, पण अशक्य नाही. सतत एका तापमानाला ठेवलेल्या नळ्या या प्रश्नाला निरुपयोगी आहेत, म्हणजे माझी लाडकी ठोकळी बाद. दोन उबवण्या (ठरावीक तापमानाची कपाटं) लागतात : एक गरम आणि उजेडाची, दुसरी गार आणि अंधारी. नळ्या सकाळी इकडून तिकडे, संध्याकाळी तिकडून इकडे, न हिंदकळता. जोडीला दोन तुलना हव्यात : दोन्ही वेळ सरासरी तापमानाला ठेवलेल्या नळ्या, आणि उलट्या फेऱ्यातल्या, म्हणजे दिवस गार नि रात्र गरम. तिन्हींची सरासरी सारखी. सागरगोटांचं म्हणणं खरं असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या नळ्यांत फरक दिसला पाहिजे. अन् चमक, कार्बन, रात्रीचं श्वसन तिन्ही मोजलं पाहिजे, एकावर भागणार नाही.

शंकासूर, तुमच्या अंदाजासाठीही हेच. पृष्ठभागाचं उपग्रहाने दिलेलं एक तापमान पुरत नाही. वेगवेगळ्या खोलीवर नोंदक असलेली दोरी लागते, आणि प्रत्येक खोलीला दिवसाचं आणि रात्रीचं तापमान वेगळं लिहायचं. आलेखावर ठेवायचं ते पेशी ज्या वेळी जिथे होती तिथलं.